दूरच्या हाताचा कारभार

संगणकाच्या अंगी जे कर्तृत्व दिसते ते त्याच्या पोटात बसलेल्या एका मूळ आज्ञावलीचे असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. पडद्यावर अक्षर उमटविणे, तबकडीवर मजकूर साठविणे, एकाच वेळी चाललेल्या दहा कामांना पाळीपाळीने यंत्राचा वेळ वाटून देणे, ही सारी व्यवस्था तीच पाहते; इतर आज्ञावल्या तिच्या आश्रयाने नांदतात. ती जुनी झाली म्हणजे बदलावी लागते, आणि हे बदलणे छप्पर शाकारण्यासारखे नसून राहत्या घराचा पाया काढून दुसरा घालण्यासारखे असते. यंत्राजवळ बसून हे काम करणाऱ्यालाही थोडी धास्ती वाटते. मग ते यंत्र तीनशे किलोमीटरांवर असले, आणि दुरून आलेली आज्ञा ऐकण्याची त्याची शक्तीदेखील त्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असली, तर पेच निराळाच होतो. ज्या फांदीवर बसलो तीच तोडायची, आणि ती तुटण्यापूर्वी दुसरी हाताशी आलेली असली पाहिजे, असा हा प्रकार आहे.

या पेचाचा इतिहास रायपूरला बसून पाहावा. आज छत्तीसगडची राजधानी असलेले हे शहर सुमारे दोन शतके दूरच्या हाताने चालविले गेले. आधी ते हात नागपूरचे होते, मग भोपाळचे. यंत्रे येण्यापूर्वीच या भूमीने दुरून पाया बदलण्याचा एक प्रयोग सोसलेला आहे, आणि तो मराठी माणसांनी केलेला असल्यामुळे मराठी श्रोत्यांनी तो ऐकण्याजोगा आहे.

कलचुरी राजांच्या काळी छत्तीसगडात गढांची व्यवस्था होती. सामान्यतः चौऱ्याऐंशी गावांचा एक गढ, बारा गावांचा एक बरहों आणि प्रत्येक गावाला एक गौंटिया, अशी ती उतरंड. १७५८ मध्ये रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपुरास येऊन राहिले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. सत्ता मराठ्यांची झाली तरी गढांची जुनी वीण त्यांनी फारशी उसवली नाही. बिंबाजींमागून हा प्रांत व्यंकोजी भोसल्यांकडे आला, आणि त्यांनी नागपुरास राहूनच तो चालविण्याचे ठरविले. प्रांतावर सुभेदार नेमले गेले. त्यांपैकी विठ्ठलराव दिनकर याने १७९० च्या सुमारास गढांची व्यवस्था मोडून परगण्यांची घातली आणि त्यांवर कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे असे अंमलदार बसविले. राज्याची कार्यपद्धती एका हुकमाने मुळापासून बदलली असेच म्हटले पाहिजे. सुभेदारी ही पुढे वसुलाच्या ठेक्यासारखी झाली. जास्त रक्कम कबूल करणारा येई, वसूल करी आणि जाई. नागपुरास आकडे पोहोचत. आकड्यांमागची माणसे पोहोचत नसत. गावच्या पातळीवरचा गौंटिया मात्र कोणालाही हलविता आला नाही, कारण तेथपर्यंत नागपूरचा हात लांबतच नव्हता.

१८१८ मध्ये नागपूरचा कारभार इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स याच्या देखरेखीखाली गेला आणि छत्तीसगडावर लवकरच ॲग्न्यू हा अधिकारी आला. त्याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले, परगण्यांची संख्या कमी केली आणि १८२० मध्ये या प्रांताचा एक सविस्तर अहवाल लिहिला. त्याच्या धोरणाविषयी काहीही मत असो, तो येथे राहिला आणि येथूनच नागपुरास लिहीत राहिला, एवढे खरे. विठ्ठलरावाच्या व ॲग्न्यूच्या फेरबदलांत जो फरक आहे, त्यातला पुष्कळसा या एका गोष्टीत सापडेल.

आता यंत्रांकडे वळावे. दुरून एखाद्या संगणकात शिरण्याचा एक प्रसिद्ध प्रसंग २९ ऑक्टोबर १९६९ रोजी घडला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी स्टॅनफर्ड येथील संशोधनसंस्थेतल्या यंत्राला तारेवरून हाक मारीत होता. ‘लॉगिन’ हा शब्द इंग्रजीत टंकायचा होता. ‘एल’ पोहोचले, ‘ओ’ पोहोचले, आणि पुढच्या अक्षराला पलीकडची व्यवस्था कोसळली. दोन्ही टोकांची माणसे टेलिफोनवर बोलत होती म्हणून काय झाले ते लगेच कळले; पलीकडच्या बिल डुव्हालने दुरुस्ती केली आणि तासाभराने जोडणी साधली. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटचा हा जन्म. त्यातला टेलिफोन बहुधा विसरला जातो. तो विसरू नये.

भारतात सरकारी संगणकीकरणासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, अर्थात एनआयसी, १९७६ मध्ये स्थापन झाले. डॉ. नरसिंहय्या शेषगिरी हे त्याचे शिल्पकार. १९८७ मध्ये या केंद्राने उपग्रहाच्या साह्याने निकनेट नावाचे जाळे उभारण्यास आरंभ केला, आणि पुढल्या काही वर्षांत देशातल्या चारशेंहून अधिक जिल्हा कचेऱ्यांच्या गच्चीवर लहान थाळीसारखे अँटेना दिसू लागले. मोठी यंत्रे दिल्लीप्रमाणेच पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे होती. तेव्हा रायपूर हा मध्य प्रदेशाचा एक विस्तीर्ण जिल्हा होता. महासमुंद व धमतरी १९९८ मध्ये त्यातून वेगळे झाले. भोपाळ येथून सहाशे किलोमीटर दूर. जिल्ह्याच्या यंत्रावरील आकडे आकाशमार्गे दिल्लीस जाऊ लागले, हे त्या काळी नवलच होते.

पण आकडे पाठविणे निराळे आणि यंत्राचा पाया बदलणे निराळे. त्या दिवसांत जोडणीचा सेकंदाला १२०० बिट हा वेग सर्वसामान्य होता. बारा लाख अक्षरांची एक फ्लॉपी त्या वेगाने पाठवू गेले तर, मध्ये एकही अडथळा न येता, सव्वादोन तास लागतील. आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे अशा पुष्कळ फ्लॉप्यांची चळत. म्हणून नवी सिस्टिम माणसाबरोबर प्रवास करी. फ्लॉप्यांचे खोके पिशवीत घालून अभियंता आगगाडीत बसे, जिल्ह्याला उतरे, एकामागून एक तबकडी यंत्रात घाली, आणि सातवी किंवा आठवी तबकडी वाचता येत नाही असे यंत्राने सांगितले की कपाळाला हात लावी. हा मार्ग हळू होता. परंतु त्यात एक मोठा गुण होता: काही बिघडलेच तर माणूस तेथे हजर असे.

दुरून शिरण्याची आज्ञावली मात्र केव्हाच तयार होती. टेलनेट तिचे नाव. तिच्यात एक मोठा दोष असा की, पासवर्डासह सगळा मजकूर उघडा जाई. जणू सरदाराची मोहोर पोस्टकार्डावर छापून पाठवावी! वाटेतल्या कोणीही ती उतरून घ्यावी आणि पुढे सरदार म्हणून मिरवावे. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड चोरीला गेले. तेथील संशोधक तातू युलेनेन याने त्यावर एसएसएच ही आज्ञावली लिहिली. तिच्यात दोन्ही टोके आधी एकमेकांची ओळख पटवितात आणि मग सारे संभाषण सांकेतिक रूपात होते. पोस्टकार्डाऐवजी लाखेची मोहोर लावलेला लखोटा आला असे समजावे. वर्ष संपण्याच्या आत पन्नास देशांत तिचे वीस हजार वापरणारे झाले. १९९९ पासून तिची ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती मिळू लागली आणि जगातल्या बहुतेक सर्व्हरांची चावी तीच झाली.

चावी सुरक्षित झाली, तरी पायाचा पेच सुटला नाही. दुरून सिस्टिम बदलणाऱ्याचे काम प्रत्यक्ष कसे चालते ते थोडे पाहण्याजोगे आहे. तो एसएसएचने यंत्रात शिरतो. पहिली चिंता तारेची. निम्मे सामान बदललेले असताना जोडणी तुटली तर त्याच्याबरोबर त्याने चालविलेले कामही मरते, आणि यंत्र ना जुने ना नवे अशा अवस्थेत राहते. म्हणून तो काम अशा एका आवरणात चालवितो की तो स्वतः बाहेर फेकला गेला तरी काम आत चालूच राहावे आणि परत आल्यावर त्याला जेथल्या तेथे सापडावे. ‘स्क्रीन’ नावाची जुनी आज्ञावली हेच करते. डेबियन या मुक्त सिस्टिमचे कर्ते आपल्या सूचनापत्रात लिहितात की एसएसएचने हे काम करणार असाल तर अशा आवरणात करावे. उबुंटू ही दुसरी सिस्टिम याहून पुढे जाते. दुरून तिचा बदल सुरू केला, की ती प्रथम १०२२ क्रमांकाचे एक जादा दार उघडते. नेहमीचे दार मोडले तर मागल्या दाराने येता यावे, ही योजना. फडात काम केलेल्या कोणत्याही कारकुनाला हे तत्काळ पटेल. जुनी वही बंद करण्यापूर्वी नवीत शिल्लक उतरवून घेण्याचा शहाणपणा तो हाच.

आणि मग तो क्षण येतो. सगळे बदलून झाले, आता यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले पाहिजे. आज्ञा दिली जाते. जोडणी तुटते, कारण ती तुटणारच. पडद्यावर काही नाही. एक मिनिट जाते, दोन जातात. पलीकडे यंत्र उठते आहे की कुठल्या तरी प्रश्नाशी अडून कोणीतरी कळ दाबण्याची वाट पाहते आहे, हे येथून कळत नाही. या शांततेवर तोडगा म्हणून १९९८ मध्ये इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकर्ड व एनईसी या कंपन्यांनी मिळून एक पद्धत ठरविली. सर्व्हरच्या आत दुसरा एक चिमुकला संगणक बसवायचा, त्याची वीज व तार वेगळी. मोठा निजला तरी हा जागा. त्याच्याकरवी दुरून मोठ्याला उठविता येते. हातातल्या फोनांत दुसरी युक्ती आली. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनांत सिस्टिमच्या दोन जागा असतात. जुनी चालू असतानाच नवी शेजारच्या जागेत भरली जाते, आणि नवी उठली नाही तर फोन निमूटपणे जुनीवर परततो. एका ठाण्यावर दोन सुभेदार ठेवून नव्याचे बस्तान बसेपर्यंत जुन्याला निरोप न देण्याचा हा प्रकार विठ्ठलरावाच्या काळी कोणाला सुचला नाही.

रायपूरच्या बाबतीत १ नोव्हेंबर २००० ही तारीख निर्णायक ठरली. छत्तीसगड राज्य झाले आणि जे शहर इतकी वर्षे आज्ञा घेत होते ते आज्ञा देऊ लागले. मंत्रालय प्रथम दाऊ कल्याणसिंग यांच्या नावाच्या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत थाटले गेले, ते २०१२ मध्ये नया रायपूरच्या महानदी भवनात हलले. (जुन्या इमारतीत पुढे पुन्हा रुग्णालयच आले, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.) २००१ मध्ये माहितीतंत्राच्या कामासाठी चिप्स ही संस्था निघाली. आणि २००७ मध्ये या राज्याने एक मोठे काम अंगावर घेतले: सरकारी भावाने धान विकत घेणारी सुमारे दीड हजार केंद्रे संगणकावर आणण्याचे. शेतकऱ्याने धान तोलून द्यायचे आणि यंत्राने छापलेला धनादेश हातात घ्यायचा. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी खेटे घातलेल्या मराठी शेतकऱ्याला यातले समाधान निराळे सांगावयास नको.

आता ही दीड हजार यंत्रे कोठे होती? धानाच्या खळ्यांवर, सहकारी सोसायटीच्या एका खोलीत, पुष्कळ ठिकाणी तारेवाचून. जेथे जोडणी नव्हती तेथे एनआयसीच्या आखणीप्रमाणे मोटारसायकलवरचा माणूस यंत्रातली माहिती घेऊन जोडणी असलेल्या ठिकाणी जाई. धानाचा भाव दर हंगामाला बदलतो, नियम बदलतात, म्हणजे आज्ञावलीही बदलावी लागते; आणि एका केंद्रावर जुनी व दुसऱ्यावर नवी राहिली तर दोन शेतकऱ्यांना दोन हिशेब मिळतील. उपग्रह व तार असलेल्या काळात हरकाऱ्याची गरज पडावी याचे काहींना हसू आले असेल. वस्तुतः त्यात हसण्यासारखे काही नाही. जेथे वाट नाही तेथे माणूस हीच वाट, हे ज्यांनी ओळखले त्यांचेच काम चालले. नुसत्या तारेवर विसंबून आखलेल्या पुष्कळ योजना ज्या कारणाने कागदावर राहिल्या, ते कारण येथे आधीच दूर केलेले होते.

या यंत्रांवरच्या सिस्टिमलाही आयुष्य असतेच. देशभरच्या कचेऱ्यांत मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी ही सिस्टिम इतकी रुजली होती की ८ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने तिची देखभाल थांबविली तेव्हा बँका व सरकारी खाती खडबडून जागी झाली. देखभाल थांबणे म्हणजे नवी भगदाडे बुजविणारा कोणी न उरणे. चेन्नईच्या सी-डॅक केंद्राने २००७ पासून डेबियनच्या पायावर बॉस ही भारतीय सिस्टिम दिली होती; परंतु टेबलावर बसलेल्या कारकुनाची सवय ही कोणत्याही सिस्टिमपेक्षा चिवट वस्तू आहे, गौंटियासारखी.

माणूस जेथे कधीच पोहोचणार नाही अशा जागीही हे काम झालेले आहे. १९९७ च्या जुलैत मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वरचेवर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कमी महत्त्वाचे एक काम फार महत्त्वाच्या कामाला अडवून धरीत होते. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर दोष शोधून काढला गेला आणि एका कळीची स्थिती बदलणारी आज्ञा मंगळावर पाठविली गेली. अभियंत्यांनी तपासणीची सोय यानातून काढून न टाकता तशीच ठेवली होती, म्हणून हे शक्य झाले. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर-१ चे उदाहरण याहून दूरचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते निरर्थक अक्षरे पाठवू लागले. त्याच्या स्मृतीतील एक तुकडा निकामी झाला होता. तेथली आज्ञावली कापून उरलेल्या जागेत विखरून बसविण्याचे ठरले आणि पहिला भाग १८ एप्रिल २०२४ रोजी पाठविला गेला. अंतर सुमारे २४०० कोटी किलोमीटर, निरोप जाण्यास साडेबावीस तास आणि उत्तर येण्यास तितकेच. २० एप्रिलला उत्तर आले. रायपूरच्या सर्व्हरची दोन मिनिटांची शांतता येथे जवळजवळ दोन दिवसांची झाली होती.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १९ जुलै २०२४ रोजी, याच्या उलट घडले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने संगणकांच्या संरक्षणासाठी एक लहानशी फाइल जगभर पाठविली. ती सदोष होती, आणि तिचे वाचन ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात होत असल्यामुळे यंत्रेच कोसळली. कंपनीने ७८ मिनिटांत ती मागे घेतली. पण जी यंत्रे तोवर पडली होती त्यांना मागे घेतल्याचा निरोप ऐकूच येईना. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशी यंत्रे ८५ लाख होती. त्यांतली पुष्कळशी, कोणीतरी जवळ जाऊन, विशिष्ट रीतीने सुरू करून, ती फाइल हाताने पुसून उठविली गेली. भारतात विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले. एनआयसीच्या जाळ्याला मात्र बाधा झाली नाही, असे सरकारने त्याच दिवशी सांगितले. मंगळापलीकडचे यान दुरून उठते आणि शेजारच्या खोलीतले यंत्र उठत नाही, यातला भेद अंतराचा नव्हे. यानाबाबत प्रत्येक आज्ञा पाठविण्यापूर्वी ती चुकली तर काय, हा प्रश्न विचारलेला होता. येथे एकाच वेळी सगळ्यांना पाठविण्याची घाई झाली, आणि परतीचे दार कोणी उघडे ठेवले नव्हते.

रायपूरचे हात आता दक्षिणेकडे लांबले आहेत. १४ एप्रिल २०१८ रोजी बिजापूर जिल्ह्यात बस्तरच्या सात जिल्ह्यांसाठी प्रकाशतंतूंच्या जाळ्याच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. सुकमा, नारायणपूर, दंतेवाडा येथल्या कचेऱ्या राजधानीला जोडल्या जाऊ लागल्या. जो अनुभव रायपूरने नागपूर व भोपाळच्या संबंधात घेतला, त्याच्या दुसऱ्या टोकाला आता ते स्वतः आहे. पावसाळ्यात इंद्रावतीला पूर आला म्हणजे पलीकडच्या गावी जाणे कठीण होते, आणि एखाद्या आश्रमशाळेचे वा तहसिलीचे यंत्र उठले नाही तर मोटारीने जाऊन पाहू असे म्हणून भागत नाही.

म्हणून जाणता अभियंता अशा यंत्राची सिस्टिम बदलण्यापूर्वी सर्व सामग्रीची नक्कल काढून ठेवतो, आवरण घालतो, जादा दार उघडतो, आणि हे सगळे झाल्यावर पलीकडच्या लेखनिकाला फोन लावतो. नाव, गाव, वीज आहे ना, हे विचारतो; पुढली दहा मिनिटे खोली सोडू नका, असे सांगतो. मग आज्ञा देतो आणि रिसीव्हर कानाशी धरून पलीकडून हिरवा दिवा लागल्याचे ऐकण्याची वाट पाहतो.